प्रस्तावना: डिझाइनपासून बिटस्ट्रीमपर्यंत

एफपीजीए ही कारखान्यातून कोरी येणारी चिप. तिच्या आत असंख्य तर्कघटक आणि त्यांच्यामधून गेलेलं तारांचं जाळं असतं. कोणत्या घटकानं काय करायचं, कोणती तार कोणाला जोडायची, हे चिप विकत घेणारा नंतर ठरवतो. झायलिंक्स कंपनीची एक्ससी२०६४ ही या जातीची पहिली व्यावसायिक चिप १९८५ साली आली, तेव्हा तिच्यात असे फक्त ६४ ब्लॉक होते. तेवढ्यांची मांडणी माणूस पडद्यासमोर बसून हातानं करू शकत असे. आज शिकाऊ बोर्डांवर सर्रास दिसणाऱ्या लॅटिसच्या आईस४० एचएक्स१के या छोट्या चिपमध्येही १२८० लुकअप टेबलं असतात आणि मोठ्या चिपमध्ये ती लाखांनी मोजावी लागतात. त्यामुळे आपण व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएलमध्ये सर्किटचं वर्णन लिहितो, आणि त्या वर्णनातून चिपमध्ये भरायची बिटस्ट्रीम बनवण्याचं काम टूलवर सोपवतो.

या पुस्तकाचा विषय आहे या दोन टोकांमधला प्रवास. कोणत्या फाइली घ्यायच्या, कोणत्या क्रमानं, कोणत्या चिपसाठी, कोणत्या अटींवर, कोणत्या व्हर्जनच्या टूलनं, हे सगळं लिहून ठेवणारी आणि हवं तेव्हा तसंच्या तसं पुन्हा घडवून आणणारी जी व्यवस्था, तिला आपण बिल्ड सिस्टिम म्हणतो. व्हेरिलॉग शिकवणारी पुस्तकं भरपूर आहेत. बिल्ड मात्र कुणी शिकवत नाही. प्रॅक्टिकलच्या तासाला टूल उघडायचं, नवा प्रोजेक्ट करायचा, फाइली जोडायच्या, यादीतून चिप निवडायची, पिना द्यायच्या, बटण दाबायचं. बोर्डावरचा एलईडी लुकलुकला की जर्नलवर सही होते. हीच सवय घेऊन मुलं नोकरीला लागतात. पुढे टीममधला एक जण कंपनी सोडून जातो आणि मग कळतं, की ग्राहकाकडे चालू असलेली बिटस्ट्रीम फक्त त्याच्याच मशिनवर बनत होती. सगळा कोड गिटमध्ये आहे, तरीही नव्या माणसाला ती बिटस्ट्रीम बनवता येत नाही. कुठल्या तरी खिडकीत कधी तरी केलेली एक टिचकी कुठेच नोंदलेली नसते. हा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे, आणि ज्या लोकांच्या हातून तो घडला ते सगळे उत्तम डिझायनर होते.

सगळं पुस्तक ज्या एका गोष्टीभोवती फिरतं, ती इथेच सांगतो. एफपीजीएमध्ये बिल्ड हा डिझाइनचाच भाग आहे. व्हेरिलॉगचा तोच कोड पिना आणि क्लॉकच्या अटी सांगणाऱ्या वेगळ्या कन्स्ट्रेंट फाइलीबरोबर दिला तर चिपवर वेगळं सर्किट उतरतं. टूलचं व्हर्जन बदललं तरी वेगळं उतरतं. म्हणजे चिपमध्ये शेवटी काय बसलं, याचं पूर्ण उत्तर कोडमध्ये नसतंच. ते कोड आणि बिल्ड मिळून असतं. मग कोडची जेवढी काळजी घेतो, तेवढीच बिल्डचीही घ्यायला हवी.

सॉफ्टवेअरमधून आलेल्या वाचकाला वाटेल, की यात नवीन ते काय? मेक हे साधन बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली लिहिलं आणि आजही ते जगभर चालतं. कोणती फाइल कोणत्या फाइलींपासून बनते हे सांगून ठेवायचं. मूळ फाइल बनलेल्या फाइलीपेक्षा नवी दिसली, की मेक तेवढाच भाग पुन्हा बनवतं. सी भाषेतल्या प्रोग्रामला हे चपखल बसतं. शंभर फाइलींतली एक बदलली तर एकच पुन्हा कंपाइल होते, आणि शेवटचं लिंकिंग बहुधा चुटकीसरशी होतं. एफपीजीएमध्ये हे गणित उलटं होतं. सिंथेसिस तुकड्यांत करता येतं, पण प्लेसमेंट आणि राउटिंग एरवी सगळ्या डिझाइनचं एकत्र होतं, आणि वेळेचा मोठा वाटा तिथेच जातो. एका मॉड्यूलमधली एक ओळ बदलली, की ज्याला हातही लावलेला नाही अशा मॉड्यूलचे घटकसुद्धा जागा बदलतात, त्यांच्या तारा लांब-आखूड होतात. मोठ्या डिझाइनचा बिल्ड काही तास चालतो. जुना निकाल पायाभूत धरून फक्त बदललेला भाग नव्यानं बसवण्याच्या सोयी टूलमध्ये आहेत. त्यांचा उपयोग होतो, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये असं माझं मत आहे. इथे मेकचा मोठा फायदा वेगळाच आहे. बिटस्ट्रीम कशाकशावर अवलंबून आहे, याची कबुली ते आपल्याकडून लेखी घेतं.

पुस्तकाची सुरुवात आईस४० चिपपासून केली आहे. २०१५ साली प्रोजेक्ट आइसस्टॉर्मनं या चिपच्या बिटस्ट्रीमची रचना उलगडून जाहीर केली, आणि व्हेरिलॉगपासून चिपपर्यंतची संपूर्ण वाट मुक्त सॉफ्टवेअरनं चालता येऊ लागली. लायसन्स नको, साध्या लॅपटॉपवर चालतं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक पायरी वेगळी दिसते. योसिस व्हेरिलॉग वाचून नेटलिस्टची जेसन फाइल बनवतं. नेक्स्टपीएनआर ती जेसन आणि पिनांची पीसीएफ फाइल घेऊन घटकांना जागा देतं, तारा जोडतं आणि एएससी ही मजकूर फाइल लिहितं. आइसपॅक तिची बिन फाइल करतं. आइसप्रोग ती बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये टाकतं. चार पायऱ्या, मेकफाइलमध्ये चार नियम. शिकाऊ डिझाइन असेल तर चहा निवायच्या आत सगळं उरकतं.

या चार नियमांत कुठे पाय घसरतो, ते जवळून पाहण्यासारखं आहे. समजा, तुमच्या प्रोसेसरचा प्रोग्राम एका हेक्स फाइलमध्ये आहे आणि व्हेरिलॉगमधला रीडमेमएच ती वाचून चिपमधली मेमरी भरतो. ही फाइल सिंथेसिसच्या वेळी वाचली जाते. मेकला मात्र तिचा पत्ता नसतो, कारण नियमात फक्त व्हेरिलॉगच्या फाइली लिहिलेल्या असतात. तुम्ही प्रोग्राम सुधारता, पुन्हा मेक चालवता, मेक सांगतं की सगळं ताजं आहे. बोर्डावर जुनाच प्रोग्राम धावतो आणि तुम्ही दुपारभर नव्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसता. इन्क्लूड केलेल्या हेडर फाइलींचंही तसंच. उपाय एका ओळीचा आहे: त्या फाइली नियमात लिहा. दुसरी घसरण याहून फसवी आहे. पायरी अर्ध्यात मोडली आणि अर्धीमुर्धी फाइल डिस्कवर राहिली, तर पुढच्या वेळी मेक तिलाच ताजी समजतं. ग्नू मेकमध्ये 'डिलीट ऑन एरर' या नावाचं खास टार्गेट लिहिलं, की मोडलेल्या पायरीची फाइल पुसली जाते. माझ्या मते एफपीजीएच्या प्रत्येक मेकफाइलची पहिली ओळ हीच असावी.

मोठ्या चिपकडे वळलं की पायऱ्यांची नावं बदलतात, मूळ क्रम तोच राहतो. झायलिंक्स, म्हणजे २०२२ पासून एएमडी, हिच्या चिपसाठी व्हिवाडो हे टूल आहे, आणि त्याच्या पोटात टीसीएल ही स्क्रिप्टची भाषा आहे. जॉन आउस्टरहाउट यांनी बर्कलीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस घडवलेली ही भाषा चिप डिझाइनच्या जवळजवळ प्रत्येक टूलमध्ये सापडते, त्यामुळे ती शिकण्यात घातलेला वेळ वाया जात नाही. व्हिवाडो दोन प्रकारे चालवता येतं. एकात टूल स्वतःची प्रोजेक्ट फाइल सांभाळतं आणि आपण खिडकीतून टिचक्या मारतो. दुसऱ्यात प्रोजेक्ट नसतोच. फाइली वाचा, सिंथेसिस करा, प्लेस करा, रूट करा, रिपोर्ट काढा, बिटस्ट्रीम लिहा, अशा आज्ञा एकाखाली एक लिहिलेली स्क्रिप्ट असते. नवखं डिझाइन चाचपून पाहायला पहिला प्रकार सोयीचा आहे. ग्राहकाला जाणारी बिटस्ट्रीम मात्र दुसऱ्या प्रकारानंच बनावी, किंवा निदान प्रोजेक्टसुद्धा स्क्रिप्टनं शून्यातून उभा करावा, असा आग्रह या पुस्तकात सगळीकडे दिसेल. स्क्रिप्ट वाचता येते, तिच्यातला बदल गिटमध्ये दिसतो, सहकाऱ्याला तपासता येतो.

आता टायमिंग. पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण याच विषयावर आहे. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा एक ठोका १० नॅनोसेकंदांचा. एका फ्लिपफ्लॉपमधून निघालेला सिग्नल मधलं लॉजिक आणि तारा ओलांडून दुसऱ्या फ्लिपफ्लॉपपाशी तेवढ्यात पोचला पाहिजे. पोचून जो वेळ उरतो तो स्लॅक. स्लॅक उणे असेल तर सर्किट कधी चालेल, कधी नाही. टेबलावर चालेल, बंद पेटीत तापल्यावर चालणार नाही. एका बोर्डावर चालेल, दुसऱ्यावर नाही. सिम्युलेशनमध्ये यातलं काहीही दिसत नाही, कारण नेहमीच्या सिम्युलेशनला तारांची लांबी माहीतच नसते.

अशा वेळी टूल काय करतं? मागितलेली फ्रिक्वेन्सी मिळाली नाही तर नेक्स्टपीएनआर एरर देऊन थांबतं. तरीही पुढे जायचं असेल तर तसा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. व्हिवाडो टायमिंग मीट झालं नाही अशी गंभीर सूचना लॉगमध्ये लिहितं, आणि सांगितलेलं असल्यामुळे बिटस्ट्रीमही लिहून देतं. शेकडो सूचनांच्या लॉगमध्ये ती एक ओळ कोण वाचणार? म्हणून स्क्रिप्टमध्ये राउटिंगनंतर सर्वांत वाईट मार्गाचा स्लॅक काढायचा आणि तो उणे असेल तर बिटस्ट्रीम लिहिण्याआधीच स्क्रिप्ट थांबवायची. तीन-चार ओळींचं काम आहे. नापास बिटस्ट्रीम अस्तित्वातच आली नाही, तर ती चुकून कुणाच्या हाती पडण्याचा प्रश्न उरत नाही.

याहून वाईट एक अवस्था आहे. क्लॉकचा कन्स्ट्रेंटच दिला नाही, तर त्या क्लॉकवरचे मार्ग व्हिवाडो तपासतच नाही. रिपोर्टमध्ये एकही उल्लंघन दिसत नाही आणि सगळं पास झाल्यासारखं वाटतं. कोडमध्ये सिग्नलचं नाव बदललं आणि कन्स्ट्रेंट फाइलमध्ये जुनंच राहिलं, तरी हेच होतं: टूलला त्या नावाचं काही सापडत नाही, ते एक सूचना देतं, कन्स्ट्रेंट गळून पडतो आणि बिल्ड पुढे सरकतो. म्हणून नुसता स्लॅक तपासून भागत नाही. ज्यांना क्लॉक मिळालेला नाही असे फ्लिपफ्लॉप किती, हा आकडाही स्क्रिप्टनं तपासावा आणि तो शून्य नसेल तर थांबावं.

पिनांच्या बाबतीत मात्र व्हिवाडो आपणहून अडतं. एखाद्या पिनेची जागा किंवा तिचं व्होल्टेज स्टँडर्ड दिलं नसेल, तर यूसीआयओ-१ आणि एनएसटीडी-१ या तपासण्या बिटस्ट्रीम लिहू देत नाहीत. अडलेला माणूस उपाय विचारतो, आणि कुणी तरी त्याला सांगतं की या तपासण्यांची तीव्रता कमी करून नुसती वॉर्निंग करून टाक. बिटस्ट्रीम निघते. पण जागा न दिलेली आउटपुट पिन टूलनं स्वतःच्या मनानं कुठे तरी बसवलेली असते. बोर्डावर त्याच पिनेला दुसऱ्या चिपचं आउटपुट जोडलेलं असेल, तर दोन आउटपुट एकमेकांवर ढकलाढकली करतात आणि एखादी चिप जळू शकते. ती ओळ कुणाच्याही स्क्रिप्टमध्ये दिसली तर काढून टाका आणि पिना नीट लिहा. याला अपवाद मला माहीत नाही.

टूलच्या व्हर्जनबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण एफपीजीएचं आयुष्य टूलपेक्षा लांब असतं. आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि ती चालवते पुण्याची एनसीआरए ही संस्था. दुर्बिणीच्या नव्या वाइडबँड बॅकएंडमध्ये अँटेनाकडून आलेले सिग्नल डिजिटल करून पॅकेटांच्या रूपात पुढे पाठवण्याचं काम एफपीजीएचे रोच बोर्ड करतात, आणि त्यांच्या मागे जीपीयू हिशेब करतात. रोच हा बोर्ड कॅस्पर या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून आला. कॅस्परची सुरुवात बर्कलीची, आणि तिचं मोठं योगदान जितकं बोर्डांचं, तितकंच बिल्डचं आहे. खगोलशास्त्राची जाण असलेला इंजिनिअर सिम्युलिंकमध्ये आकृती काढतो. त्यात पिवळ्या रंगाचे ब्लॉक असतात. एडीसी, नेटवर्क पोर्ट अशा बोर्डावरच्या गोष्टी ते दाखवतात, आणि त्यांच्यामागे पिना, क्लॉक, कन्स्ट्रेंट असा सगळा तपशील दडलेला असतो. एका आज्ञेवर आकृतीची बिटस्ट्रीम होते. बोर्डाचं ज्ञान एकदाच, एका जागी लिहायचं आणि जगातल्या सगळ्या वेधशाळांनी वापरायचं, ही ती कल्पना. चांगल्या बिल्डकडून आणखी काय हवं?

पण रोचवरची चिप व्हर्टेक्स-५ आहे. व्हिवाडो ७-सीरीजपासून पुढच्याच चिप ओळखतं. त्याआधीच्या चिपसाठी आयएसई लागतं, आणि आयएसई २०१३ साली १४.७ या व्हर्जनवर थांबलं. म्हणजे व्हर्टेक्स-५च्या डिझाइनमध्ये आज एक ओळ बदलायची असेल, तर जुनं टूल आणि त्याला चालेल अशी ऑपरेटिंग सिस्टिम जपून ठेवलेली असली पाहिजे. दुर्बीण असो, रेल्वेचा सिग्नल असो की इस्पितळातलं यंत्र, ज्याचं आयुष्य दहा-वीस वर्षांचं आहे तिथे टूलचं व्हर्जन बिल्डचा भाग म्हणून लिहावंच लागतं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला व्हर्जन तपासा आणि वेगळं निघालं तर थांबा. विक्रेत्याचे तयार आयपी वापरत असाल तर हे अधिकच खरं. व्हिवाडोच्या एका व्हर्जनमध्ये घडवलेला आयपी नव्या व्हर्जनमध्ये कुलूपबंद दिसतो, अपग्रेड मागतो, आणि अपग्रेड केल्यावर त्याचं वागणं तेच राहिलं की नाही हे तुम्हाला नव्यानं तपासावं लागतं. गिटमध्ये आयपीची छोटी वर्णनफाइल ठेवा. तिच्यातून टूलनं निर्माण केलेला पसारा ठेवू नका.

तयार बिल्ड साधनांची ओळख एका प्रकरणात आहे, आणि ते प्रकरण मुद्दाम आखूड ठेवलं आहे. ओलोफ किंडग्रेन यांचं फ्यूजसॉक मला यांतलं सर्वांत विचारपूर्वक घडलेलं वाटतं. प्रत्येक कोअर आपल्या फाइली आणि आपली अवलंबित्वं एका वर्णनफाइलमध्ये सांगतो, आणि त्याचं जोडीदार साधन एडलाइझ त्यावरून हव्या त्या टूलचा प्रोजेक्ट उभा करतं. तोच कोअर आज व्हेरिलेटर या सिम्युलेटरमध्ये तपासा, उद्या व्हिवाडोमधून चिपवर उतरवा. ओपनटायटनसारखा मोठा प्रकल्प ते वापरतो. सर्नमधून आलेलं एचडीएलमेक फाइलींमधलं अवलंबित्व शोधून मेकफाइल लिहून देतं. ही साधनं जरूर वापरा, पण चार नियमांची मेकफाइल एकदा हातानं लिहिल्यानंतर. तयार साधन मोडतं तेव्हा आत काय चाललंय हे ज्याला ठाऊक आहे, तोच ते दुरुस्त करू शकतो.

प्लेसमेंटचा सीड हा वादाचा विषय आहे आणि त्यावर माझं मत ठाम आहे. प्लेसमेंटची सुरुवात यादृच्छिक मांडणीतून होते. नेक्स्टपीएनआरला वेगळा सीड दिला तर वेगळी मांडणी होते आणि मिळणारी कमाल फ्रिक्वेन्सीही बदलते. रात्रभर अनेक सीड चालवून त्यातला चांगला निवडण्यात गैर काही नाही. निवडलेला सीड मेकफाइलमध्ये लिहा, म्हणजे उद्याही तीच बिटस्ट्रीम मिळेल. पण बाकीचे सगळे सीड नापास आणि एकच पास अशी स्थिती असेल, तर डिझाइन काठावर उभं आहे. पुढचा लहानसा बदल त्याला ढकलून देईल. तिथे सीड शोधणं थांबवून पाइपलाइनमध्ये एक पायरी वाढवावी.

आणखी एक गोष्ट अशी, जी मी प्रत्येक डिझाइनमध्ये घालतो आणि प्रत्येकाला घालायला सांगतो. ३२ बिटांचं एक फक्त वाचता येणारं रजिस्टर, आणि त्यात गिटच्या कमिटची ओळख. हॅशचे पहिले ७ हेक्स अंक म्हणजे २८ बिट झाले. उरलेल्या ४ बिटांपैकी एक यासाठी, की बिल्डच्या वेळी कमिट न केलेले बदल फोल्डरमध्ये होते का. बिल्ड स्क्रिप्ट गिटला विचारते आणि सिंथेसिसला ही किंमत पॅरामीटर म्हणून देते. मग तीन वर्षांनी एखादा बोर्ड दुरुस्तीला परत आला, तर ते रजिस्टर वाचायचं. चिपमध्ये नेमका कोणता कोड आहे, हे अंदाज न बांधता कळतं. तो एक बिट १ दिसला, तर ती बिटस्ट्रीम टेबलाबाहेर जायलाच नको होती. काही जण यासाठी बिल्डची तारीख आणि वेळ घालतात. मला ते पटत नाही. वेळ दर सेकंदाला बदलते, त्यामुळे एकाच कोडच्या दोन बिल्डची बिटस्ट्रीम कधीच जुळत नाही, आणि बिल्ड पुन्हा तसाच करता येतो हे सिद्ध करण्याचा सोपा मार्ग हातचा जातो.

या पुस्तकात व्हेरिलॉग शिकवलेलं नाही. फ्लिपफ्लॉप, काउंटर, स्टेट मशीन हे वाचकाला येतं असं धरलं आहे. लिनक्सच्या टर्मिनलची थोडी ओळख असावी, गिटची असलीच पाहिजे. अल्टेराच्या क्वार्टस या टूलवर एक परिशिष्ट आहे. तिथेही मॅप, फिट, असेंबल आणि टायमिंग या पायऱ्या वेगवेगळ्या आज्ञांनी चालवता येतात, त्यामुळे बाकीची प्रकरणं वाचलेल्याला ते जड जाणार नाही. प्रकरणं क्रमानं वाचण्याची गरज नाही, पण टायमिंगचं प्रकरण वगळू नका.

वाचायला बसण्याआधी वाचकांना एक विनंती आहे. तुमचं सध्याचं कोणतंही डिझाइन घ्या, मग ते कॉलेजचा प्रोजेक्ट असो की कंपनीचं उत्पादन. ज्या मशिनवर ते कधीच बनवलेलं नाही अशा दुसऱ्या मशिनवर तेच टूल टाका, गिटमधून कोड नव्यानं उतरवा, आणि मूळ मशिनला हात न लावता, कुणालाही काही न विचारता बिटस्ट्रीम बनवून पाहा. जिथे अडाल ती प्रत्येक जागा कागदावर लिहा. ती यादी शेजारी ठेवा आणि मग पहिलं प्रकरण उघडा.